राज्याला न्यायालयात खेचणारी शहरे

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी १६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘एसबी ९’ या विधेयकावर सही केली आणि पुढच्या काही महिन्यांत त्या राज्यातील अनेक नगर परिषदांपुढे एकच विषय येऊन पडला. आपल्याच राज्य सरकारवर दावा लावायचा की नाही? एका कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडावर मालकाला एकाऐवजी दोन घरे बांधता येतील आणि हवे असेल तर भूखंडाचे दोन तुकडेही करता येतील, असे हा कायदा सांगतो. म्हणजे जिथे एक घर होते तिथे चार उभी राहू शकतात. तुकडा १,२०० चौरस फुटांहून लहान नसावा, मूळ भूखंडाच्या ४० टक्क्यांहून कमी नसावा, आणि तुकडे पाडणाऱ्या मालकाने तिथल्या एका घरात तीन वर्षे राहण्याचा इरादा लिहून द्यावा, अशा काही अटी आहेत. त्या पूर्ण होत असतील तर शहराने परवानगी द्यायची. सुनावणी नाही, शेजाऱ्यांच्या हरकती नाहीत, नगर परिषदेचे मतदान नाही. कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यावरून पेटलेला वाद मात्र शतकाहून जुना आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्र आहे, राज्ये आहेत. शहरांचे नाव कुठेच नाही. ही मोकळी जागा एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी भरून काढली. आयोवा राज्यातील क्लिंटन शहराने आपल्या रस्त्यांवरून रूळ टाकायला एका रेल्वे कंपनीला मनाई केली होती. त्या खटल्यात १८६८ साली न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी शहराची जागा दाखवून दिली. शहर हे विधिमंडळाने जन्माला घातलेले असते, त्याचे अधिकार विधिमंडळ देते आणि विधिमंडळ ते काढूनही घेऊ शकते, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. मिशिगनचे न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी १८७१ मध्ये नेमकी उलटी बाजू मांडली. स्थानिक स्वराज्य हा लोकांचा मूळचा हक्क असून राज्याला तो हिरावून घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशाने डिलन यांचे ऐकले. कूली यांचा विचार न्यायालयांत फारसा टिकला नाही, पण नगर परिषदांच्या सभागृहांत तो आजही जिवंत आहे. राज्यावर दावा लावायला उठणारा प्रत्येक नगरसेवक नकळत कूली यांचीच बाजू मांडत असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९०७ साली डिलन यांच्या मतावर शिक्कामोर्तब केले. पेनसिल्व्हेनियातील ॲलेगेनी हे शहर शेजारच्या पिट्सबर्गमध्ये विलीन करायचे होते. दोन्ही शहरांची मते एकत्र मोजली गेली. ॲलेगेनीतील बहुसंख्य मतदार विरोधात होते, तरी मोठ्या शहराच्या मतांखाली ते दबून गेले. शहरांच्या सीमा आणि अधिकार ही राज्याची मर्जी आहे, असे सांगून न्यायालयाने त्यांची तक्रार फेटाळली. पुढे १९२३ मध्ये न्यू जर्सीच्या ट्रेंटन शहराने नदीच्या पाण्यावरील शुल्कावरून राज्याविरुद्ध दाद मागितली. तिथेही उत्तर तेच मिळाले. राज्याविरुद्ध केंद्रीय घटनेतील हक्कांची ढाल शहराला वापरता येत नाही. विकासाच्या कायद्याशी थेट जोडलेला निकाल आला १९८० साली, तोही कॅलिफोर्नियातूनच. साउथ लेक टाहो या शहराने सरोवराच्या परिसरासाठी प्रादेशिक नियोजन संस्थेने केलेल्या नियमांना आव्हान दिले होते. नवव्या परिमंडळाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की शहराला असा दावा आणण्याचा अधिकारच नाही. हा निकाल चव्वेचाळीस वर्षांनी एका दुसऱ्या शहराच्या आड यायचा होता.

केंद्रीय न्यायालयाचे दार असे बंद असताना कॅलिफोर्नियातल्या शहरांना दावा लावण्याचे धाडस होते, ते राज्याच्या स्वतःच्या घटनेमुळे. १८४९ च्या पहिल्या घटनेखाली विधिमंडळ एकेका शहरासाठी वेगळे कायदे करी, त्यांचा कारभार बदली, हवा तसा मोडी. या ढवळाढवळीला लोक विटले. १८७९ च्या घटनेने अशा खास कायद्यांवर बंधन घातले आणि एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहराला आपली सनद आपणच लिहिण्याची मुभा दिली. एवढी वस्ती तेव्हा फक्त सॅन फ्रान्सिस्कोची होती, आणि त्या शहराच्या मतदारांनी सनदेचे मसुदे पुन्हापुन्हा नाकारून अखेर १८९८ मध्ये एक मान्य केला. दरम्यान वस्तीची अट खाली येत गेली होती आणि लॉस एंजेलिस व ओकलंड यांनी १८८९ मध्येच आपापल्या सनदा मिळवल्या होत्या.

खरे वळण १८९६ च्या घटनादुरुस्तीने आले. शहराच्या स्वतःच्या कारभारापुरती सनद राज्याच्या सर्वसाधारण कायद्यांपेक्षा वरचढ राहील, असे तिने ठरवले. १९१४ मध्ये हा अधिकार आणखी पक्का झाला. शहराचा स्वतःचा कारभार म्हणजे नेमके काय, हे मात्र घटनेने सांगितले नाही. ते ठरवण्याचे काम न्यायालयांकडे गेले आणि एका पिढीचा शहरी विषय पुढच्या पिढीत राज्याचा होऊ शकतो, हेही त्यांनी मान्य केले. शहरांची सगळी आशा आणि राज्याचा सगळा युक्तिवाद या एका मोकळ्या सोडलेल्या जागेत उभा आहे. राज्यातील सुमारे ४८० शहरांपैकी १२० च्या आसपास शहरे सनदी आहेत. बाकीची सर्वसाधारण कायद्याखाली चालतात आणि त्यांना ही वाट नाही. सिलिकॉन व्हॅलीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक रोजच्या जगण्यात जाणवत नसेल, पण त्यांच्या वस्तीचे भवितव्य त्यावर ठरते. सॅन होजे, सनीव्हेल, पालो आल्टो ही सनदी शहरे. क्युपर्टिनो आणि फ्रीमॉन्ट सनदी नाहीत.

आता जमिनीकडे. कुठे काय बांधावे हे ठरवण्याचा अधिकार शहरांकडे आला तोच मुळी कुणाला तरी दूर ठेवण्याच्या इच्छेतून. मोडेस्टो गावाने १८८५ मध्ये धोबीखान्यांना गावाच्या एका कोपऱ्यातच राहण्याचे बंधन घातले. धोबीखाने चालवणारे बहुतेक चिनी होते. लॉस एंजेलिसने १९०८ मध्ये राहण्याचे आणि कारखान्यांचे विभाग वेगळे केले. तिथल्या एका वीटभट्टीच्या मालकाने तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि तो १९१५ मध्ये हरला. बर्कलेने १९१६ मध्ये फक्त एका कुटुंबाचे एक घर एवढ्यासाठीच राखलेला विभाग आखला. वंशाच्या नावाने विभाग पाडणे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये बेकायदा ठरवले. घराच्या प्रकारावरून पाडणे १९२६ मध्ये, ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात, कायदेशीर ठरवले. पहिल्यावर बंदी आल्यावर दुसऱ्याने बरेचसे तेच काम केले. जिथे सदनिका बांधता येत नाही, लहान भूखंड मिळत नाही, तिथे कमी पैशांचा माणूस आपोआप येत नाही. बर्कलेच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठराव करून हा वारसा उघडपणे मान्य केला. ‘स्थानिक अधिकार’ या शब्दांवर ज्यांचा जीव आहे त्यांनी हा इतिहास नजरेआड करू नये. त्याच्याशिवाय राज्याचा आजचा अविश्वास कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर राज्याची वस्ती झपाट्याने वाढली. १९४० मध्ये ती सत्तर लाखांच्या जवळ होती, १९७० मध्ये दोन कोटींच्या घरात गेली. लॉस एंजेलिसभोवती नवी शहरे स्थापन होऊ लागली. लेकवुडने १९५४ मध्ये शहर म्हणून नोंद केली, पण पोलीस, रस्ते, अग्निशमन अशी कामे कौंटीकडूनच करारावर घेतली. जमिनीवरचा ताबा तेवढा स्वतःकडे ठेवला. ही पद्धत इतरांनी उचलली, आणि झोनिंगचा, म्हणजे जमिनीचे विभाग आखण्याचा, अधिकार हेच शहर होण्याचे मोठे कारण ठरू लागले. १९५० मध्ये मतदारांनी घटनेत असेही घातले होते की गरिबांसाठी सरकारी भाड्याची घरे बांधायची तर आधी स्थानिक मतदान घ्यावे लागेल. १९७० च्या दशकात वाढीलाच लगाम घालण्याची लाट आली. पेटालुमाने वर्षाला ५०० घरांची मर्यादा ठेवली आणि केंद्रीय अपील न्यायालयाने ती १९७५ मध्ये उचलून धरली. लिव्हरमोरच्या मतदारांनी शाळा, सांडपाणी, पाणी यांची सोय होईपर्यंत नवे बांधकाम थांबवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये त्यांना तो अधिकार आहे असे म्हटले, पण एका शहराच्या नियमाचा परिणाम साऱ्या प्रदेशावर होत असेल तर त्या प्रदेशाचे हितही पाहिले पाहिजे, असेही सांगितले. आजच्या वादातील राज्याची बाजू त्या वाक्यात बीजरूपाने होती.

१९७८ च्या ‘प्रस्ताव १३’ने आर्थिक गणित बदलले. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि मालकी बदलेपर्यंत करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढू शकेल असे ठरले. नवी घरे म्हणजे शहराला थोडा कर आणि जास्त खर्च; नवे दुकान म्हणजे विक्रीकर. शहरे घरांपेक्षा बाजारपेठा पसंत करू लागली, यात नवल नव्हते. जुन्या मालकाला घराची किंमत वाढल्याचा लाभ होता आणि कर वाढण्याची भीती नव्हती, त्यामुळे शेजारी नवे बांधकाम व्हावे असे वाटण्याचे कारणही उरले नाही.

राज्याने या काळात हात बांधून बसायचे ठरवले होते असे नाही. १९६९ पासून प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात घरांचे प्रकरण असणे बंधनकारक आहे. १९८० पासून राज्य दर काही वर्षांनी प्रत्येक प्रदेशाला घरांचे उद्दिष्ट देते, प्रदेश ते शहरांत वाटतो, आणि तेवढी घरे बसतील अशी जमीन शहराने आराखड्यात दाखवायची असते. नियमांत बसणारा प्रकल्प मनमानीपणे नाकारू नये असा कायदा १९८२ मध्ये झाला. पण या कायद्यांना दात नव्हते. शहरे आराखड्यात कागदोपत्री जागा दाखवत आणि प्रत्यक्ष अर्ज आला की तो अडवत. घर बांधणारा वर्षानुवर्षे खेपा घालून थकून जाई. राज्यात घराची मध्यम किंमत २०२१ मध्ये आठ लाख डॉलरांच्या वर गेली, ती या तीन-चार दशकांच्या टंचाईतून.

२०१७ मध्ये विधिमंडळाने घरांविषयीचे पंधरा कायदे एकदम केले. त्यांतल्या सिनेटर स्कॉट वीनर यांच्या ‘एसबी ३५’ने उद्दिष्टात मागे पडलेल्या शहरांना परवडणाऱ्या घरांचा ठरावीक हिस्सा असलेले प्रकल्प सुनावणीशिवाय मंजूर करायला लावले. क्युपर्टिनोतील वॅल्को या ओस पडलेल्या मॉलच्या जागी २,४०२ घरांचा प्रकल्प २०१८ मध्ये याच कायद्याखाली मंजूर झाला. निम्मी घरे परवडणाऱ्या दराची होती. शहर सनदी नसल्याने राज्याशी भांडण्याची वाट नव्हती. रहिवाशांच्या एका गटाने शहरावरच दावा लावला आणि २०२० मध्ये तो हरला.

सनदी शहरांत झगडा अधिक उघड झाला, आणि त्यात आघाडीवर राहिले हंटिंग्टन बीच. ऑरेंज कौंटीतील समुद्रकिनाऱ्यावरचे, सुमारे दोन लाख वस्तीचे हे शहर आहे. शहराचा वकील तिथे नगर परिषद नेमत नाही, मतदार निवडून देतात. त्यामुळे खटला लढवणारा माणूस स्वतःच एक राजकीय पुढारी असतो. २०१५ मध्ये नगर परिषदेने दोन मुख्य रस्त्यांच्या पट्ट्यातील मंजूर घरांची मर्यादा ४,५०० वरून २,१०० वर आणली. यामुळे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी दाखवलेली जागाच नाहीशी झाली, म्हणून परवडणाऱ्या घरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने दावा लावला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. पट्ट्याचा आराखडा शहराच्या एकूण विकास आराखड्याशी जुळला पाहिजे ही कायद्यातील अट सनदी शहरांना लागू नाही, असे न्यायालयाला आढळले. शहरात या विजयाचा आनंद झाला. विधिमंडळाने मात्र पुढच्याच वर्षी ‘एसबी १३३३’ करून ही सूट काढून टाकली. निकालात जिथे बोट ठेवले होते तिथेच कायद्याला ठिगळ लागले.

या गोष्टीकडे नीट पाहायला हवे, कारण पुढे तीच पुन्हा घडली. शहर न्यायालयात जिंकते ते बहुतेक वेळा कायद्याच्या शब्दांवर, आणि शब्द बदलण्याची ताकद विधिमंडळाकडे असते. जानेवारी २०१९ मध्ये राज्याने हंटिंग्टन बीचवर दावा लावला. त्याच सुमारास शहराने ‘एसबी ३५’विरुद्ध राज्यावर लावला. २०२० मध्ये शहराने घरांच्या प्रकरणात बदल मान्य करून राज्याशी मिटवून घेतले.

न्यायालये या वादात कोणती कसोटी लावतात, ते १९९१ मध्ये ठरले होते. लॉस एंजेलिसने एका बचत बँकेवर लावलेल्या कराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार प्रश्न घालून दिले. विषय शहराच्या कारभाराचा आहे का? राज्याचा कायदा आणि शहराचा नियम खरोखर एकमेकांच्या विरुद्ध जातात का? विषयात साऱ्या राज्याचे हित गुंतले आहे का? आणि असेल तर कायद्याचा उपाय त्या हिताशी सुसंगत आहे का, गरजेपेक्षा जास्त हात तर घालत नाही ना? त्या खटल्यात शहर हरले. २०१२ मध्ये मात्र व्हिस्टा शहर जिंकले. शहराने स्वतःच्या पैशाने केलेल्या बांधकामांवर मजुरीचे राज्यमान्य दर बंधनकारक नाहीत, असे तेव्हा ठरले. पैसा शहराचा, काम शहराचे, मग निर्णयही शहराचा. घरांच्या बाबतीत एवढी स्वच्छ रेषा काढता येत नाही. एका शहराने घरे अडवली की माणसे शेजारच्या शहरात जातात, भाडी तिथे वाढतात आणि रस्ते दोन्हीकडचे तुंबतात. सॅन मटेओच्या नगर परिषदेने २०१८ मध्ये दहा घरांची एक चार मजली इमारत नाकारली होती, शेजारच्या बैठ्या घरांच्या मानाने ती उंच दिसते म्हणून. खालच्या न्यायालयाने शहराची बाजू घेतली, पण अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तो निकाल फिरवला आणि १९८२ चा कायदा सनदी शहरांनाही लागू आहे असे सांगितले. सहाच दिवसांनी ‘एसबी ९’वर सही झाली.

नव्या कायद्याला शहरांनी नाना परींनी वळसा घालून पाहिला. सिलिकॉन व्हॅलीलगतच्या वुडसाइड या श्रीमंत गावाने जानेवारी २०२२ मध्ये सारे गावच पहाडी सिंहाचे अधिवासक्षेत्र असल्याचे जाहीर केले. संरक्षित प्राण्यांच्या अधिवासात हा कायदा लागू होत नव्हता. राज्याचे महाधिवक्ता रॉब बाँटा यांनी पत्र पाठवताच गावाने काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. पॅसाडेनाने वारसा विभागांची सवलत ताणायचा प्रयत्न केला आणि त्या शहरालाही ताकीद मिळाली. काही नागरिकांनी राज्यघटनाच बदलून जमिनीचा अधिकार शहरांना द्यावा अशी मोहीम उघडली. तिच्या पुरस्कर्त्यांत रेडोंडो बीचचे महापौर बिल ब्रँड होते. २०२२ च्या मतपत्रिकेवर प्रस्ताव आणणे त्यांना जमले नाही. मग उरला दावा.

दावा लावायचा की नाही याची चर्चा दोन खोल्यांत होते. सभागृहात नागरिक आपापली दोन-तीन मिनिटे बोलून जातात. कुणाला रस्त्यावरच्या गाड्यांची काळजी असते, कुणाला सांडपाण्याच्या वाहिन्यांची, तर कुणाला आपल्या मुलांना या गावात घर घेता येणार नाही याची. त्यानंतर १९५३ च्या खुल्या सभांच्या कायद्यातील अपवाद वापरून परिषद बंद दाराआड वकिलाचा सल्ला घेते. तिथले प्रश्न रोखठोक असतात. बाहेरच्या वकिलांची फी किती होईल, आणि ती एकट्याने भरायची की चार शहरांत वाटून घ्यायची? राज्य चिडून अनुदाने रोखेल का? घरांचे प्रकरण नियमाप्रमाणे नसल्याचे न्यायालयात ठरले तर २०१९ च्या तरतुदीप्रमाणे महिन्याला दहा हजारांपासून एक लाख डॉलरांपर्यंत दंड बसू शकतो. त्याहून मोठी धास्ती वेगळीच असते. घरांचे प्रकरण मंजूर नसलेल्या शहरात पुरेशी परवडणारी घरे देणारा बिल्डर झोनिंग न जुमानता अर्ज करू शकतो. सँटा मोनिकाचे प्रकरण २०२२ मध्ये रखडले तेव्हा तिथे अशा अर्जांतून चार हजारांहून अधिक घरांचे प्रस्ताव येऊन पडले होते. रेडोंडो बीचमध्येही बंद पडायला आलेल्या वीज केंद्राच्या जागी दोन हजारांहून अधिक घरांचा प्रस्ताव आला.

हे सगळे मोजून रेडोंडो बीच, टॉरन्स, कार्सन आणि व्हिटियर या चार सनदी शहरांनी मार्च २०२२ मध्ये लॉस एंजेलिस कौंटीच्या न्यायालयात दावा लावला. सॅन डिएगो कौंटीतील डेल मार नंतर सामील झाले. हे सारे श्रीमंत गोऱ्यांचे आरामशीर कोपरे आहेत असे समजणे चूक ठरेल. रेडोंडो बीचमध्ये सहा चौरस मैलांत सुमारे सत्तर हजार माणसे राहतात आणि शहराच्या उत्तर भागात जोडघरे आधीपासून दाटीने उभी आहेत. कार्सनमध्ये लॅटिनो, फिलिपिनो आणि कृष्णवर्णीय कुटुंबे बहुसंख्य आहेत. अशा वस्त्यांत एकेक घर म्हणजे एका पिढीची जमवलेली सगळी कमाई असते, आणि भूखंड फोडण्याची मुभा मिळाली की रोख पैसेवाले गुंतवणूकदार पहिले तिथे पोचतील ही भीती निराधार नव्हती. कायदा परवडणाऱ्या घरांच्या नावाने केलेला होता, पण चारपैकी एकही घर बाजारभावाहून स्वस्त असले पाहिजे असे तो म्हणत नव्हता. शहरांच्या वकिलांनी बोट ठेवले ते इथेच.

एप्रिल २०२४ मध्ये न्यायाधीश कर्टिस किन यांनी शहरांच्या बाजूने निकाल दिला. घरे परवडावीत हा साऱ्या राज्याच्या हिताचा विषय आहे हे त्यांनी मान्य केले. पण या कायद्याचा उपाय त्या जाहीर हेतूशी सुसंगत नाही, म्हणजे चौथ्या प्रश्नावर राज्य नापास होते, असे त्यांनी ठरवले. पाच सनदी शहरांपुरता कायदा घटनाबाह्य ठरला. बिल ब्रँड यांचे काही महिन्यांपूर्वीच, जानेवारीत निधन झाले होते. निकाल पाहायला ते नव्हते. राज्याने अपील केले. त्याबरोबरच कायद्याच्या जनक सिनेटर टोनी ॲटकिन्स यांनी ‘एसबी ४५०’ मांडलेला होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात हेतूचे शब्द बदलले गेले. आता राज्याचे हित केवळ परवडणाऱ्या घरांत नव्हते, एकूण घरांचा पुरवठा वाढवण्यात होते. एसबी १३३३ च्या वेळी झाले तेच इथेही झाले.

इथे राज्याला दोष देणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. निवडून आलेल्या विधिमंडळाने न्यायालयाचे बोलणे ऐकून कायदा सुधारणे हा लोकशाहीचाच भाग आहे. दुखते ते वेगळ्या ठिकाणी. पाच शहरांनी विचारलेला प्रश्न खरा होता. जास्त घरे झाली की ती कुणाला परवडतील? नव्या शब्दांनी दाव्याचे उत्तर मिळाले. या प्रश्नाचे मिळाले नाही. दुसरीकडे, ज्या कायद्याने वस्त्यांचे रूप रातोरात बदलेल असे सभागृहांत सांगितले जात होते, त्याखाली पहिल्या वर्षी फारच थोडे अर्ज आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतील टर्नर केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे या कायद्याने सुमारे ७ लाख घरे बाजाराच्या हिशेबात शक्य होत होती. बांधकामाचा खर्च, कर्जाचे वाढते व्याज आणि शहरांनी घातलेल्या बारीकसारीक अटी यांनी ती कागदावरच राहिली.

हंटिंग्टन बीचने याच काळात दुसरी फेरी खेळली आणि ती केंद्रीय न्यायालयात नेली. २०२१ ते २०२९ या कालावधीसाठी शहराच्या वाट्याला १३,३६८ घरांचे उद्दिष्ट आले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या बहुमताच्या परिषदेने ‘एसबी ९’खालचे आणि आवारातल्या छोट्या जोडघरांचे अर्ज घेणेच थांबवायला सांगितले. ९ मार्चला राज्याने शहरावर दावा लावला. त्याच दिवशी शहराने केंद्रीय न्यायालयात राज्यावर लावला. एप्रिलमध्ये घरांचे प्रकरण ४ विरुद्ध ३ मतांनी नामंजूर झाले. आपले विचारस्वातंत्र्य आणि सनद दोन्ही पायदळी तुडवली जात आहेत, असे शहराचे म्हणणे होते. केंद्रीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दावा फेटाळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, आणि आधार घेतला साउथ लेक टाहोच्या १९८० च्या निकालाचा. राज्याचा दावा सॅन डिएगोच्या न्यायालयात चालला. तिथे मे २०२४ मध्ये शहराने कायदा मोडल्याचे ठरले. बाकीच्या शहरांनी यातून घेतलेला धडा साधा आहे. राज्याशी भांडायचे तर राज्याच्याच न्यायालयात, सनदेच्या आधारावर आणि कायद्याच्या एकाच कमकुवत सांध्यावर नेम धरून भांडावे. सगळ्या आघाड्यांवर एकदम उतरणारे शहर सगळीकडे हरते.

इतर राज्यांत वाट याहूनही अरुंद आहे. मॅसॅच्युसेट्सने २०२१ मध्ये बॉस्टनच्या रेल्वे जाळ्यातील गावांना अनेक घरांच्या इमारतींसाठी विभाग राखायला लावले. मिल्टनच्या मतदारांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तो विभाग मतदानाने रद्द केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायदा घटनेत बसतो असे सांगितले, पण त्याखालची मार्गदर्शक तत्त्वे रीतसर काढली नव्हती म्हणून ती लागू होणार नाहीत, असेही ठरवले. न्यू जर्सीत न्यायालयांनीच १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांतून गावांवर परवडणाऱ्या घरांचे कर्तव्य टाकले होते. तिथे २०२४ च्या नव्या कायद्याविरुद्ध काही गावे एकत्र येऊन न्यायालयात गेली.

कॅलिफोर्नियात पुढचा विषय तयार झालाच होता. वीनर यांचा ‘एसबी ७९’ मोठ्या स्थानकांच्या आसपास, सर्वात जवळच्या जागी नऊ मजल्यांपर्यंतच्या इमारतींना वाट देतो. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८ विरुद्ध ५ मतांनी त्याला विरोध नोंदवला. १० ऑक्टोबर २०२५ रोजी त्यावर सही झाली. आधीच्या खटल्यांतून शिकून त्यात शहरांसाठी एक पर्याय ठेवला आहे. तेवढीच घरे दुसऱ्या मांडणीने बसवणारा स्वतःचा आराखडा शहर करू शकते आणि राज्याकडून मंजूर करून घेऊ शकते. कायदा १ जुलै २०२६ पासून लागू व्हायचा असे ठरले, आणि स्थानकांभोवती जमीन असलेल्या शहरांपुढे दोन कामे एकदम आली. पर्यायी आराखडा करायचा की दावा लावायचा, हे ठरवणे. आणि दोन्हींपैकी काहीही करायचे तर त्याचा खर्च कुठून आणायचा, हे शोधणे.